१७०९१९४८ : मोठी संख्या फोडायची कशी

सतरा सप्टेंबरला मराठवाड्यात सकाळी झेंडावंदन असतं आणि शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने तारीख लिहिलेली असते, १७-०९-१९४८. हैदराबाद संस्थानातली निजामाची सत्ता संपली ती ही तारीख. एका वर्षी भाषणं चालू असताना सातवीतल्या एका पोराने त्या तारखेतल्या रेघा मनातल्या मनात पुसून टाकल्या आणि खाऊ वाटून झाल्यावर मला गाठलं. "सर, ह्या नंबरला कशाकशानं भाग जातो?" मी म्हणालो, दोनाने जातो, चाराने जातो, तिनाने जातो. "अन् मंग?"

त्या 'अन् मंग'ला आम्हा दोघांची एक दुपार आणि वहीची तीन पानं लागली. ती तीन पानं मी इथे ओळीने मांडतो आहे. तुम्ही स्वतःची संख्या घ्या, जन्मतारीख घ्या किंवा गाडीचा नंबर घ्या, रीत हीच राहील. फक्त आधारचा किंवा खात्याचा नंबर घेऊन ते पान पोरांच्या हाती देऊ नका.

आधी संख्या नीट वाचा

१७०९१९४८ हे आकडे सलग पाहिले की डोळा घसरतो. उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन आकडे तोडा: १,७०,९१,९४८. म्हणजे एक कोटी सत्तर लाख एक्क्याण्णव हजार नऊशे अठ्ठेचाळीस. मोठ्याने वाचायला लावलं की निम्मी पोरं सत्तर लाखाचे सात लाख करतात, कारण मधलं शून्य गिळतात. तारखेपासून संख्या करताना दुसरा घोटाळा पहिल्या शून्याचा होतो. १ मे १९६० चं ०१०५१९६० लिहिलं तर ती आठ आकडी संख्या होत नाही. पुढचं शून्य गळतं आणि उरते १०५१९६०. ही संख्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपली संख्या कोटीच्या घरात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, आणि तशीच पुढे अठराव्या परार्धापर्यंत. आठवं नाव कोटि, आपले आकडेही आठ. अयुत आणि प्रयुत आपण टाकून दिले आणि 'दहा हजार', 'दहा लाख' म्हणायला लागलो. भास्कराचार्य आपल्याला तसे परके नाहीत. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. (ज्ञानेश्वरांच्या भेटीला वाघावर बसून आले ते चांगदेव वेगळे.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, आणि तिथल्या शिलालेखात त्यासाठी १२०७ साली दिलेल्या दानाची नोंद आहे. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद.

सोपे अवयव आधी काढून घ्या

शेवटचे दोन आकडे ४८, त्यांना ४ ने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येला जातो. ४ ने भागल्यावर ४२,७२,९८७ राहतात. ही विषम संख्या आहे, म्हणजे दोनाचं काम संपलं. आकड्यांची बेरीज ४+२+७+२+९+८+७ = ३९, म्हणून ३ ने भाग जातो आणि राहतात १४,२४,३२९. पुन्हा बेरीज केली तर २५ येते, म्हणजे तीनही संपले. शेवटी ९ आहे, तेव्हा पाचाचा प्रश्नच नाही.

इथे बहुतेक जण थांबतात. शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या इथवरच पुरतात. खरं काम पुढे आहे, आणि सगळा खेळ आता १४२४३२९ ह्या एका संख्येचा आहे.

कुठवर भागायचं ते भागण्याआधी ठरवा

ही पायरी वगळू नका, नाहीतर दुपारची संध्याकाळ होईल. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर ते दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. तसे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजे लहान अवयव वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे. ११९३ चा वर्ग १४,२३,२४९ आणि ११९४ चा वर्ग १४,२५,६३६. आपली संख्या ह्या दोघांच्या मधे आहे, म्हणून सीमा ११९३.

भागायचं तेही फक्त मूळ संख्यांनी. १५ ने भागून पाहण्यात अर्थ नाही, कारण जे काम ३ आणि ५ ने झालं नाही ते १५ ने कसं होईल? ११९३ पर्यंत एकूण १९६ मूळ संख्या आहेत. म्हणजे नशीब अगदीच फुटकं निघालं तरी दोनशेच्या आत निकाल लागतो. सव्वाचौदा लाखांच्या संख्येसाठी हे फार नाही.

मूळ संख्यांची यादी मात्र आधी करून घ्या. ९१, ११९, १३३, १६१, २०३, २१७, २२१ ह्या संख्या तोंडावरून मूळ वाटतात, पण मूळ नाहीत. पहिल्या सहा साताच्या पाढ्यातल्या आहेत आणि २२१ म्हणजे १३ × १७. चुकून एखाद्या अशा संख्येने भागलं तर फक्त श्रम वाया जातील. पण खरी मूळ संख्या सुटली तर अख्खी वही वाया जाईल.

एका भागाकारात दोन-तीन पाखरं

७, ११, १३ साठी वेगवेगळा भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१, आणि १००१ हजाराच्या अगदी शेजारी आहे. म्हणून उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा. १ | ४२४ | ३२९ असे गट पडतात. ३२९ − ४२४ + १ = −९४. आता १४ लाख विसरा, ९४ ला ७, ११, १३ पैकी कशाने भाग जातो ते बघा. कशानेच जात नाही. तिघेही एका ओळीत बाद.

३७ साठी हेच गट नुसते मिळवायचे, कारण ९९९ = २७ × ३७. ३२९ + ४२४ + १ = ७५४. ३७ विसे ७४०, बाकी १४. बाद. १०१ साठी दोन-दोन आकड्यांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक: २९ − ४३ + ४२ − १ = २७. तोही बाद.

बाकीच्यांसाठी जोड्या लावा. १७ × १९ = ३२३. संख्येला एकदाच ३२३ ने भागा, बाकी २२२ येते. मग ह्या २२२ ला १७ आणि १९ ने तपासा. १७ ने बाकी १, १९ ने बाकी १३. पुढची जोडी २३ × २९ = ६६७, बाकी २८४. त्यातून २३ ची बाकी ८ आणि २९ ची २३. त्यापुढे ४१ × ४३ = १७६३, बाकी १५८८, तिथूनही काही निघत नाही. मोठा भागाकार निम्म्याने कमी होतो आणि पोरांना ह्यात गंमतही वाटते.

मोबाईलवर करत असाल तर दशांशाकडे बघून 'जातो', 'जात नाही' एवढंच लिहू नका, बाकी काढून लिहा. ४७ ने भागल्यावर पडद्यावर ३०३०४.८७ असं काहीतरी येतं. त्यातला पूर्णांक ३०३०४ परत ४७ ने गुणा, १४२४२८८ येतात. ते १४२४३२९ मधून वजा केले की बाकी ४१. बाकी भाजकापेक्षा मोठी निघाली तर तिथेच कळतं की कुठेतरी हात चुकला. वहीत दोन रकाने आखा, डावीकडे भाजक आणि उजवीकडे बाकी. आमच्या वहीत काही बाक्या अशा होत्या: ५३ ला ७, ७१ ला ६९, १३९ ला १३५. जवळ येऊन हुकलेली बाकी पाहून पोरगं प्रत्येक वेळी कपाळावर हात मारत होतं. बाकी दोन असो की दोनशे, भाग न जाण्यात काही कमी-जास्त नसतं. पण हे त्याला तेव्हा सांगण्यात मजा नव्हती.

दोनशेच्या पुढे गेलो तेव्हा त्याचा धीर सुटत आला होता. "सर, जायनाच की कशानं! मूळ आसंल ही." २११ बाद, २२३ बाद, २२७ ची बाकी १३१, २२९ ची १७८. मग २३३.

२३३ × ६००० = १३,९८,०००. उरले २६,३२९. २३३ × ११३ = २६,३२९. बाकी शून्य.

पोरगं ओसरीवरून उठून उभंच राहिलं. १४२४३२९ = २३३ × ६११३.

६११३ चं काय?

आता ६११३ ला पुन्हा दोनापासून भागत बसायचं का? नाही. ६११३ ला ज्याने भाग जाईल त्याने १४२४३२९ लाही जाईल, आणि २३३ च्या खालचे सगळे आपण तपासून बाद केलेले आहेत. ६११३ चं वर्गमूळ ७८ च्या जरा पुढे आहे. म्हणजे तिचा छोटा अवयव असलाच तर तो ७८ च्या आत असायला हवा, आणि तिथे काही नाही. ६११३ मूळ आहे. क्रमाने, काही न वगळता भागत आल्याचा मोबदला इथे मिळतो. मधूनच एखादी संख्या लागेल म्हणून उड्या मारणाऱ्याला हे फुकट मिळत नाही.

पूर्ण मांडणी:

१७०९१९४८ = २² × ३ × २३३ × ६११३

ताळा घ्या. नवाचा ताळा जुन्या लोकांना तोंडपाठ असायचा. १७०९१९४८ च्या आकड्यांची बेरीज ३९, मग १२, मग ३. अवयवांकडून ४, ३, ८ (२३३ चे) आणि २ (६११३ चे ११, मग २). गुणाकार १९२, बेरीज १२, म्हणजे ३. जुळला. पण नवाचा ताळा एका बाबतीत आंधळा आहे. आकड्यांची अदलाबदल झाली, ६११३ चे ६१३१ झाले, तरी तो जुळतोच. म्हणून अकराचाही ताळा घ्या: उजवीकडून आळीपाळीने ८−४+९−१+९−०+७−१ = २७, म्हणजे बाकी ५. अवयवांच्या बाक्या ४, ३, २, ८, गुणाकार १९२, अकराने बाकी ५. आता निर्धास्त.

फर्माची रीत ऐकलेल्यांसाठी एक सावधगिरी. संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडायची आणि वर्गमूळापासून एकेक वर चढायचं, ही ती रीत. दोन्ही अवयव एकमेकांजवळ असले तर ती झटक्यात लागते. इथे २३३ आणि ६११३ फार लांब आहेत. उत्तर ३१७३² − २९४०² असं येतं, आणि ११९४ पासून ३१७३ पर्यंत १९८० वेळा वर्ग तपासावे लागतात. आम्ही ५१ व्या मूळ संख्येवर मोकळे झालो होतो.

फोडल्यावर काय काय हाती लागतं

बरेच लेख अवयवांवर थांबतात आणि मला ते पटत नाही. फोडणं ही मजुरी आहे, पीक त्यानंतर येतं. आता भागाकार न करता नुसत्या गुणाकारांनी उत्तरं मिळतात.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवा आणि गुणा: (२+१)(१+१)(१+१)(१+१) = २४. ते लिहायचेही सोपे. १, २, ३, ४, ६, १२ ह्या सहांना १, २३३, ६११३, १४२४३२९ ह्या चौघांनी गुणत जा. एवढी माणसं सारख्या रांगांत उभी करायची झाली तर चौरसाच्या सगळ्यात जवळचा आयत २७९६ रांगांचा, रांगेत ६११३ जण.

विभाजकांची बेरीज? (१+२+४)(१+३)(१+२३३)(१+६११३) = ७ × ४ × २३४ × ६११४ = ४,००,५८,९२८. ह्यातून स्वतः संख्या वजा केली तर २,२९,६६,९८० उरतात. संख्येच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षाच जास्त भरली. बरोबर भरली असती तर तिला परिपूर्ण म्हटलं असतं, जशी ६ किंवा २८. खरं तर हे आधीच सांगता आलं असतं. १२ चे विभाजक १+२+३+४+६ = १६, म्हणजे १२ जास्त भरते, आणि तिची प्रत्येक पट तशीच भरते.

हिच्यापेक्षा लहान अशा किती संख्या आहेत, ज्यांच्याशी हिचा मसावि १ येतो? २ × २ × २३२ × ६११२ = ५६,७१,९३६. साधारण एक तृतीयांश. सम संख्या गेल्या की निम्म्या उरतात, त्यातला तिसरा हिस्सा ३ च्या पटींत जातो, आणि २३३ व ६११३ ची झळ नगण्य असते.

हर्षद संख्या आहे का? आकड्यांच्या बेरजेने भाग जातो तिला हे नाव देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मास्तरांनी दिलं. आपली बेरीज ३९, म्हणजे ३ × १३. तीन आहे, तेरा नाही. हर्षद नाही. पण कापरेकरांचीच दुसरी गंमत शेवटच्या चार आकड्यांत सापडते. १९४८ चे आकडे उतरत्या क्रमाने ९८४१, चढत्या क्रमाने १४८९, वजाबाकी ८३५२. पुन्हा तेच: ८५३२ − २३५८ = ६१७४. दोन पावलांत कापरेकर स्थिरांक, म्हणजे चारही आकडे सारखे नसलेल्या चार आकडी संख्येवर हीच वजाबाकी करत गेलं की शेवटी जिथे येऊन थांबतं ती संख्या. ६१७४ ची ही करामत त्यांनी जगापुढे मांडली १९४९ साली.

वर्गांची बेरीज

हा भाग मला सगळ्यात आवडतो, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

२३३ नीट बघा. १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४, २३३ ह्या ओळीतली ती तेरावी. युरोपात फिबोनाचीच्या नावाने चालणारी ही ओळ आपल्याकडे छंदशास्त्रात, लघु-गुरू मोजताना आधीच आलेली होती. विरहांकाने आणि नंतर हेमचंद्राने ती सांगितली आहे. ह्याच ओळीतल्या ८ आणि १३ चे वर्ग मिळवले तर ६४ + १६९ = २३३.

६११३ सुद्धा दोन वर्गांची बेरीज आहे: ७३² + २८² = ५३२९ + ७८४. चाराने भागल्यावर बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या अशी मांडता येते, आणि ह्या दोन्ही तशाच आहेत.

आता ब्रह्मगुप्ताची युक्ती, इसवी सन ६२८ ची. दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच होतो. १३ × ७३ = ९४९ आणि ८ × २८ = २२४, त्यांची वजाबाकी ७२५. १३ × २८ = ३६४ आणि ८ × ७३ = ५८४, त्यांची बेरीज ९४८. म्हणून १४२४३२९ = ७२५² + ९४८². जिथे वजा केलं तिथे मिळवलं आणि मिळवलं तिथे वजा केलं की दुसरी जोडी मिळते: ११७३² + २२०². कॅल्क्युलेटरवर करून बघा, दोन्ही तंतोतंत.

पूर्ण १७०९१९४८ ला मात्र दोन वर्ग पुरत नाहीत. आडवा येतो ३. चाराने बाकी ३ उरणारी मूळ संख्या विषम वेळा आली की दोन वर्गांचा मार्ग बंद, आणि इथे ३ एकदाच आला आहे. चार वर्ग मात्र कुठल्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजने १७७० साली सिद्ध केलं. आपले चार हातातल्या आकड्यांतूनच निघतात. ७२५ आणि ९४८ ह्या दोन संख्या, त्यांची बेरीज १६७३ आणि फरक २२३. चौघांचे वर्ग मिळवले की ७२५² + ९४८² ची तिप्पट होते. मग ४ साठी प्रत्येकाची दुप्पट घ्या:

३३४६² + १८९६² + १४५०² + ४४६² = १७०९१९४८

वहीची हद्द

आठ आकडी संख्या वहीवर निघते. दहा-बारा आकड्यांना संगणकाच्या तक्त्यात बाकी काढायचं सूत्र वापरा. पण एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडे शेवटचे आकडे गुपचूप शून्य करतं, आणि मग तुम्ही भलतीच संख्या फोडत बसता. त्याहून लांब संख्या हा वेगळाच धंदा आहे. फोडून दाखवा म्हणून आव्हान दिलेल्या आरएसए-२५० ह्या २५० आकडी संख्येचे दोन अवयव २०२० साली निघाले, तेही असंख्य संगणक जुंपून. संख्या मूळ आहे की नाही एवढं ओळखणं त्यामानाने हलकं. ते झटपट आणि पक्कं ओळखायची रीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली आयआयटी कानपूरमधून दिली.

आता ती राखून ठेवलेली १०५१९६०, महाराष्ट्र दिनाची. तिला २३३ पर्यंत जावंच लागत नाही: २³ × ५ × ७ × १३ × १७². पाच मिनिटांचं काम, आणि विभाजक ९६.

तेच पोरगं दुसऱ्या दिवशी १५०८१९४७ लिहूनच आलं. सीमा ३८८३. आकड्यांची बेरीज ३५, तीन बाद. गटांचं ९४७ − ८१ + १५ = ८८१, म्हणजे ७, ११, १३ बाद. ३२३ ने बाकी १०८, म्हणजे १७ आणि १९ बाद. तुमच्या वहीतली पुढची ओळ ६६७ ची.